मोटारीची प्लेट आणि चिपची पायरी

वैशाखात नारायणगावातल्या मामांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. विहिरी तळाला गेलेल्या असतात, लाइट आली की एका डीपीवरचे सगळे पंप एकदम सुरू होतात, आणि जळालेल्या मोटारी पिकअपमधून येत राहतात. पत्र्याच्या शेडखाली सबमर्सिबल भिंतीला टेकवून उभ्या, तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास. मी अशाच एका शनिवारी पुण्याहून गेले. ऑफिसला सुट्टी होती, ऑफिसातल्या भांडणाला नव्हती. ते डोक्यातच बसून आलं होतं.

भांडण असं. मी ड्रायव्हर लिहिते. म्हणजे चिप आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामधला वायरमन, असं मी मामांना पूर्वी एकदा सांगितलं होतं आणि ते त्यांना पटलं होतं. आता एका नव्या चिपबद्दल लिनक्सला सांगायचं होतं की ही किती वेगांनी चालू शकते आणि प्रत्येक वेगाला किती वीज लागते. आमच्यातले अर्धे म्हणतात, सरळ तक्ता द्या : इतके मेगाहर्ट्झ, इतके व्होल्ट. उरलेले म्हणतात, आकडे चिपच्या आतल्या फर्मवेअरकडे राहू द्यात, बाहेर फक्त पायऱ्या दाखवा, एक, दोन, तीन. मी या दुसऱ्या गटातली.

मामा मोटारीतलं जळकं वायंडिंग उपसत होते. मान वर न करता म्हणाले, "प्लेट नसलेली मोटार मी दुकानात घेत नाही."

"मामा, तुम्ही अजून माझं ऐकलंच नाहीत."

"ऐकलं की. तू प्लेट काढून टाकायला निघालीस. हे बघ," त्यांनी एका मोटारीवरचा चिखल अंगठ्यानं पुसला. "पाच एचपी. तीन पॉइंट सात किलोवॅट. चारशे पंधरा व्होल्ट. किती अँपिअर, किती मीटर हेड, सेकंदाला किती लिटर. हे नसेल तर मी काय बघून तार भरू? आणि शेतकऱ्यानं पाइप कुठला घ्यायचा?"

"तार तुम्ही भरता म्हणून तुम्हाला आकडे लागतात. माझी ऑपरेटिंग सिस्टिम तार भरत नाही. तिला फक्त पाणी पाहिजे."

"असं म्हणणारेच जळकी मोटार घेऊन येतात."

मग मी लॅपटॉप उघडून त्यांना आधी त्यांच्याच बाजूचा तक्ता दाखवला. म्हटलं, भांडायचंच तर नीट माहिती घेऊन भांडा. आरके३३९९ नावाची रॉकचिपची एक चिप आहे, छोट्या संगणकांत आणि स्वस्त लॅपटॉपात बसते. तिच्या लहान प्रोसेसरांचा तक्ता लिनक्समध्ये कुणालाही वाचता येतो. ४०८ मेगाहर्ट्झला पाऊण व्होल्टहून थोडं जास्त, ०.८२५. ६०० ला पुन्हा ०.८२५. ८१६ ला ०.८५०. १००८ ला ०.९२५. १२०० ला बरोबर एक व्होल्ट. आणि १४१६ ला १.१२५.

मामांनी चष्मा लावला. "वरच्या दोन पायऱ्यांत व्होल्टेजनं उडी मारलीय."

"तीच तर महाग पडते. चिपमध्ये वीज जाते ती वेगाच्या प्रमाणात, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. सहाशेवरून चौदाशे सोळावर गेलं तर काम होतं दोन पूर्णांक छत्तीस शतांश पट, वीज लागते साधारण चार पूर्णांक चार पट."

"आमच्यासारखंच आहे की. पंपाचा वेग वाढला की पाणी वेगाइतकं वाढतं, हेड वर्गानं, आणि वीज घनानं." हे सांगताना ते जरा सुखावले. दहावीनंतर आयटीआय केलेल्या माणसाला इंजिनिअर भाचीच्या पुढं घन हा शब्द वापरायला मिळाला, म्हणून असेल.

या तक्त्याचा इतिहास फार जुना नाही. लिनक्समध्ये वेग आणि व्होल्टेजच्या जोड्या एका ठिकाणी ठेवायची सोय २०१० च्या सुमारास टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ओमॅप चिपांच्या निमित्तानं आली. त्या जोडीला ऑपरेटिंग परफॉर्मन्स पॉइंट म्हणतात, आम्ही नुसतं ओपीपी म्हणतो. आधी तो दोन आकड्यांचा साधा पाढा होता. २०१५ मध्ये विरेश कुमार यांनी त्याची दुसरी आवृत्ती बसवली. तिच्यात प्रत्येक पायरीला स्वतःची नोंद मिळाली : व्होल्टेज किती, कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती चालेल, करंट किती, ही पायरी कुठल्या नमुन्याच्या चिपला लागू, ही फक्त थोडा वेळच वापरायची का. हे सगळं ज्या फाइलमध्ये असतं तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. तिचा एक दंडक आहे, तिथं यंत्र कसं आहे एवढंच लिहायचं. ते कसं वापरा, हा सल्ला द्यायचा नाही.

मामांना हा दंडक फार आवडला. "प्लेटवर कधी लिहिलेलं असतं का, रात्री पंप लावू नका, बिबट्या आहे म्हणून? वापरणारा बघेल ते."

विषय बिबट्यावर गेला की आमच्या जुन्नर तालुक्यात लवकर परत येत नाही. शेतीपंपांना लाइट पाळीनं, त्यातल्या काही पाळ्या रात्रीच्या, आणि उसात बिबट्या. मामांच्या निम्म्या गिऱ्हाइकांनी स्टार्टरला ऑटो बसवलाय तो एवढ्यासाठीच, अंधारात विहिरीवर जायला नको. मी त्यांना थांबवलं आणि त्याच धाग्यानं माझी बाजू मांडली.

"ऑटो बसवला म्हणजे काय केलंत मामा? शेतकऱ्यानं आकडे बघायचं बंद केलं. फेज बरोबर आहेत का, व्होल्टेज पुरेसं आहे का, ते पेटी बघते. त्याला घरी झोपून फक्त पाणी पाहिजे. मी चिपबाबत तेच म्हणतेय."

मामा गप्प. मला वाटलं, जमलं.

मी पुढं रेटलं. प्लेट कारखान्यात छापली जाते, आणि एकाच साच्यातून निघालेल्या दोन चिपा सारख्या नसतात. एकीला एक व्होल्टमध्ये जमतं ते दुसरीला १.०५ लागतं. मग तक्त्यात काय लिहायचं? सगळ्यांत कमजोर चिपला पुरेल असं व्होल्टेज लिहिलं तर चांगल्या चिपा विनाकारण जास्त वीज पितात. म्हणून चिपांची प्रतवारी करून तक्त्याला फाटे फोडतात. तरी तापमान उरतंच, म्हातारपण उरतं. फर्मवेअर चिपच्या आतच बसलेलं, त्याला उष्णता कळते, करंट कळतो, आणि ते काही मिलिसेकंदांत निर्णय बदलू शकतं. माझा ड्रायव्हर बाहेरून एवढं पाहूच शकत नाही.

संगणकांच्या मोठ्या दुनियेनं हा रस्ता कधीच धरला. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ च्या डिसेंबरात एसीपीआय नावाचं मानक आणलं. त्यातही पुढं तक्ताच होता, प्रत्येक पायरीचे मेगाहर्ट्झ आणि मिलिवॉट लिहिलेला. मग २०११ च्या पाचव्या आवृत्तीत सीपीपीसी आलं आणि त्यानं एकक काढून टाकलं. आता चिप फक्त सांगते : माझं सर्वोच्च इतकं, नेहमी टिकवू शकेन ते इतकं, सर्वांत खालचं इतकं. हे आकडे हर्ट्झ नाहीत, वॉटही नाहीत. शंभरातले ऐंशी मागितले की ऐंशी मिळतात, कुठल्या व्होल्टेजला ते विचारायचं नाही. इंटेलनं २०१५ मध्ये स्कायलेक चिपांत वेग ठरवायचं कामच हार्डवेअरकडे दिलं. ऑपरेटिंग सिस्टिमनं नुसता कल सांगायचा.

"म्हणजे रुपयात बारा आणे काम कर, असं," मामा म्हणाले. "पण रुपया कुणाचा?"

"चिपचा."

"मग दोन चिपांचा रुपया सारखा आहे का?"

नाही. खरंच नाही. एका चिपवरचे ऐंशी आणि दुसरीवरचे ऐंशी यांची तुलना त्या आकड्यांवरून करता येत नाही, आणि हा प्रश्न आमच्या ऑफिसात दोन आठवड्यांनी कुणीतरी विचारला होता. मामांनी तो चहा येण्यापूर्वी विचारला. लिनक्सच्या शेड्युलरला २०१९ पासून, म्हणजे ५.० आवृत्तीपासून, कुठलं काम कुठल्या प्रोसेसरवर टाकलं तर वीज कमी जाईल याचा हिशेब करता येतो. त्या हिशेबाला मोठ्या आणि लहान प्रोसेसरांचा खर्च एकाच मापानं मोजलेला लागतो. आणे-पैशांत दिलं तरी चालतं, पण मग सगळ्यांचे आणे एकाच रुपयाचे हवेत.

चहा आला. मामांनी बशीत ओतला. "आता मला सांग, जळाली तर कोण भरून देणार?"

इथं मला गेल्या उन्हाळ्यातली एक गोष्ट सांगावी लागली, जी मी या भांडणात कुणाला सांगत नव्हते. एका गिऱ्हाइकाचे बोर्ड दुपारी आपोआप रीस्टार्ट व्हायचे. सकाळी ठीक, दुपारी बंद. पंधरा दिवस आम्ही मेमरीवर संशय घेतला. शेवटी सापडलं की बोर्ड बनवणाऱ्यानं वीज वाचवायला तक्त्यातल्या वरच्या पायरीचं व्होल्टेज थोडं कापलं होतं. इथं मोटार आणि चिप यांच्यात फरक आहे. मोटारीला व्होल्टेज कमी पडलं तर ती अँपिअर जास्त ओढते आणि वायंडिंग जळतं. चिपला कमी पडलं तर ती जळत नाही. तिच्या आतले दरवाजे उघडायला उशीर होतो, पुढचा ठोका आधीच पडतो, आणि ती चुकीचं उत्तर देते. कधी कोसळते, कधी कोसळतही नाही, नुसती बेरीज चुकते.

"म्हणून वेग वाढवताना आधी व्होल्टेज चढवायचं, मग घड्याळ," मी म्हटलं. "उतरताना उलट. आधी घड्याळ, मग व्होल्टेज. हा क्रम चुकला तरी तेच होतं."

"ते सोड. चूक सापडली कशी?"

"तक्ता वाचून."

"आकडा लिहिलेला होता म्हणून सापडली."

"हो."

"आणि तुझ्या पायऱ्या असत्या तर?"

"तर फर्मवेअर बनवणाऱ्याला ईमेल लिहून वाट बघावी लागली असती."

मामांनी बशी खाली ठेवली आणि पुन्हा वायंडिंगला लागले. जिंकल्यावर ते बोलत नाहीत. हे मामींनाही माहीत आहे.

मी मात्र एवढ्यावर हरायला तयार नव्हते. दुपारी त्यांना खोडदला एक मोटार पोचवायची होती, मी सोबत गेले. नारायणगावातून खोडदकडे निघालं की द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या बांबूंच्या मांडवांवरून एकदम त्या अजस्र बशा दिसायला लागतात. डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली ही जीएमआरटी, महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० बशा, त्यातल्या १४ मध्यभागी जवळजवळ आणि १६ वाय आकाराच्या तीन फाट्यांवर लांबवर पसरलेल्या. शाळेत असताना २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आम्ही इथं प्रदर्शन बघायला यायचो. माझी पुढची सगळी वाट या बशांखालून निघाली असं म्हणायला छान वाटतं, पण खरं म्हणजे त्या वेळी मला तिथल्या भेळेत जास्त रस होता.

गाडीतून बशा बघताना माझ्या लक्षात आलं की माझ्या बाजूत इथं फार मोठा खड्डा आहे. आणि तो मीच मामांना दाखवला, कारण न दाखवता राहवलं नसतं.

या दुर्बिणी ऐकतात तो पट्टा नूतनीकरणानंतर साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झचा आहे, मध्ये थोड्या फटी सोडून चार तुकड्यांत : १२० ते २५०, २५० ते ५००, ५५० ते ८५०, १०५० ते १४५०. आकाशातून येणारा इशारा इतका क्षीण असतो की आजूबाजूचं कुठलंही इलेक्ट्रॉनिक यंत्र त्यावर ओरडू शकतं. आणि प्रोसेसरचं घड्याळ म्हणजे त्या वेगानं चाललेला रेडिओचा इवलासा भोंगाच, नीट झाकलं नाही तर त्यातून लहर निसटते.

"आता तो सकाळचा तक्ता आठवा. ४०८ दुसऱ्या तुकड्यात. ६०० आणि ८१६ तिसऱ्यात. १२०० आणि १४१६ चौथ्यात. एकटं १००८ तेवढं फटीत पडतं."

मामांनी गाडी हळू केली. "म्हणजे अशा ठिकाणी संगणक ठेवायचा असेल तर तो १००८ वर बांधून ठेवायचा."

"आधी धातूच्या बंद पेटीत ठेवायचा. आणि घड्याळाची दुप्पट, तिप्पट कंपनंही निघतात, एवढं सोपं नाही. पण हो, कुठल्या आकड्यावर चाललाय ते माहीत पाहिजे."

"आणि तुझ्या पायरीत ते कळत नाही."

"पायरी तीन म्हणजे आज ८१६ असेल, ऊन वाढल्यावर फर्मवेअर तिला ७९० करेल. मला सांगणारही नाही."

वेग आणि वीज यांच्यापलीकडेही एका पायरीचा खर्च असतो, हे कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं. चिप कुठं बसलीय त्यावर तो ठरतो. तीच चिप आंबेगाव तालुक्यात घोडेगावच्या एखाद्या दुकानात बिलं काढत असेल तर ८१६ नं कुणाचं काही बिघडत नाही. खोडदच्या बशीखाली बिघडतं. डिव्हाइस ट्रीतली विधानं किती कोरडी आणि मूर्ख वाटतात, पण तिथं आकडा ठेवला की असा वापर करणारा माणूस कधीतरी येईल याला जागा राहते. पायरीत ती जागा बुजते. हे मी ऑफिसात कबूल केलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर मामाच माझ्या बाजूनं बोलले, हे विशेष. कालव्याला पाणी नव्हतं, तळाला शेवाळ वाळलं होतं. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं : येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. डिंभ्याच्या पाण्यात आंबेगाव हे गावच गेलं, तालुक्याला नाव तेवढं उरलं. डिंभ्याचा डावा कालवा येडगावात पाणी आणून टाकतो आणि तिथून ते पुढं खूप लांब जातं.

"आवर्तन सुटलं की," मामा म्हणाले, "टेलच्या माणसाला पाणी मिळायचं तर कालवा वरपासून एका पातळीला भरून चालवावा लागतो. त्याला एक बादली पाहिजे म्हणून कालव्यात एक बादली सोडून भागत नाही. तो फक्त सांगतो, माझ्या मोरीला इतकी पातळी पाहिजे. डिंभ्याचं दार किती इंच उघडायचं ते त्याला कशाला कळायला पाहिजे?"

"मामा, हे तर आमच्याकडं जसंच्या तसं आहे!"

आहेच. चिपमध्ये प्रत्येक भागाला वेगळा वीजपुरवठा नसतो. व्हिडिओ, कॅमेरा, मेमरीचा रस्ता असे कितीतरी भाग एकाच कालव्यावर असतात. मग व्हिडिओच्या वरच्या पायरीशेजारी लिहून ठेवतात की हिच्यासाठी त्या सामायिक पुरवठ्याची पातळी निदान एवढी पाहिजे. तिथं व्होल्ट लिहीत नाहीत, पातळीचा क्रमांक लिहितात. सगळ्यांची मागणी गोळा होते आणि सर्वांत मोठ्या मागणीप्रमाणं दार उघडतं. व्होल्ट लिहिले असते तर प्रत्येक भागाच्या ड्रायव्हरला धरणाचं इंजिनिअरिंग यायला लागलं असतं. म्हणजे पायरी कुठं लपवाछपवी असते आणि कुठं शहाणपण असतं. ज्याचा कालवा त्याचं दार, हे मामांना मान्य होतं. पण कालव्यावर मोजपट्टी रंगवलेली असलीच पाहिजे, यावर ते अडून बसले. मीही फार ओढलं नाही.

संध्याकाळी त्यांच्या स्वतःच्या रानात गेलो. मामांनी सौर पंप बसवलाय. ऊन कलतं तशी कंट्रोलरची वीज कमी होते आणि तो मोटारीचा वेग उतरवत जातो. आम्ही पोचलो तेव्हा पडद्यावर ३४ हर्ट्झ होते. मोटारीची घरघर ऐकू येत होती, पाइपातून थेंब नाही.

"फिरतेय पण चढवत नाही," मामा म्हणाले. "हेड वर्गानं पडतं ना. पन्नासला ऐंशी मीटर चढवणारा पंप पस्तिसला चाळीसही चढवत नाही. माझं पाणी पन्नासवर आहे."

"मग कंट्रोलर बंद का करत नाही?"

"त्याला कुठं माहीत माझं पाणी किती खोल आहे? त्याला खालची मर्यादा मी सांगायची असते. ती कुणीतरी कारखान्यात टाकलेलीच राहिली."

मला एकदम सकाळचे ते दोन आकडे आठवले. ४०८ ला ०.८२५ आणि ६०० ला पण ०.८२५. सहाशेच्या खाली व्होल्टेज उतरतच नाही. म्हणजे चिप हळू चालते, पण प्रत्येक कामामागची वीज वाचत नाही, उलट जास्त वेळ जागं राहिल्यामुळं गळती वाढते. त्यापेक्षा सहाशेला काम उरकून झोपलेलं बरं. सीपीपीसीत या उंबरठ्यासाठी वेगळा आकडाच ठेवलाय : याच्या खाली गेलात तर वेग जितका सोडाल तितकी बचत मिळणार नाही. एकक नसलेल्या त्या पायऱ्यांत मला सर्वांत प्रामाणिक वाटतो तो हा आकडा. आरके३३९९ च्या तक्त्यात तो कुठंच शब्दांत लिहिलेला नाही. दोन ओळी शेजारी ठेवून वाचणाऱ्यालाच दिसतो.

मी हे सांगितलं तर मामा म्हणाले, "बघ, तक्ता वाचता यावा लागतो." मी म्हटलं, "बघा, सगळ्यांना वाचता येत नाही." दोघंही एकाच वेळी म्हणालो.

त्यांनी मोटार बंद केली. विहिरीजवळ जुन्या लाइटच्या पंपाची पेटी अजून आहे, आवर्तनाच्या दिवसांत लागते. तिच्या दारावर अँपिअरमीटरच्या काचेवर मामांनी ऑइलपेंटनं दोन रेघा मारल्यात. काटा हिरवीच्या अलीकडं असेल तर चालू ठेवायचं. लाल ओलांडली तर बंद. आकडे घासून दिसेनासे झालेत.

"मामा! हे काय? प्लेट कुठं गेली?"

"तुझी मामी बघते ना. मी दुकानात असतो. तिला काय करायचेत अँपिअर?" मग जरा ओशाळून त्यांनी दार उघडलं. आतल्या बाजूला मार्करनं लिहिलेल्या ओळी होत्या. तारीख, व्होल्टेज, तिन्ही फेजचे अँपिअर. पहिली ओळ २०१७ ची. तेवढ्याच व्होल्टेजला अँपिअर दरवर्षी थोडे थोडे चढत गेलेले. बेअरिंग झिजतंय, असं काहीतरी. लाल रेघही दोनदा पुसून पुन्हा मारलेली, तिचीही तारीख आत होती.

आमच्या तक्त्याच्या नव्या आवृत्तीत एका पायरीपाशी हर्ट्झ, व्होल्ट आणि पातळीचा क्रमांक तिन्ही एकत्र लिहायची सोय आहे. क्रमांक बाहेर वापरा, आकडे आत राहू द्यात. आम्ही दोन महिने यातलं एकच निवडायला भांडत होतो. सोमवारी जाऊन हे सांगितलं तर दोन्ही गट माझ्यावर चिडतील, ते मला तिथंच दिसायला लागलं.

"लाइट आहे आत्ता," मामा म्हणाले. टाँग टेस्टर त्यांनी पिशवीतून काढला आणि पंप चालू केला. काटा थरथरून हिरव्या रेघेच्या जरा पुढं येऊन थांबला. त्यांनी पहिल्या फेजच्या तारेभोवती चिमटा धरला, मार्कर माझ्याकडं दिला आणि म्हणाले, "लिही. आधी तारीख टाक."